आत्याचा डोळा आणि आतोबांची मोटार

पिंगळी

परभणीला उतरायचं होतं आणि मी उतरलो पिंगळीला. झोप लागली, दुसरं काही नाही. मनमाडला गाडी बदलल्यापासून समोरच्या बाकावरचे एक गृहस्थ मला सांगत होते, "परभणी आली की उठवतो, बिनघोर झोपा." परभणी आली तेव्हा ते स्वतःच घोरत होते. पुढच्या स्टेशनावर आम्ही दोघेही एकदम जागे झालो. पाटी बघून ते माझ्यावरच डाफरले, "बघा, तुमच्या नादात माझीबी परभणी गेली!" या न्यायापुढे मी असा गार पडलो की त्यांची वळकटीसुद्धा मीच खाली उतरवली.

परतीची गाडी दुपारशिवाय नव्हती. स्टेशनाबाहेर एक बैलगाडी परभणीच्या मोंढ्याकडे, म्हणजे धान्याच्या बाजाराकडे, निघाली होती, तिच्यात दोघेही बसलो. गाडीवानानं आधी भाकरी सोडली, बरोबर ठेचा आणि कांदा दिला आणि माझा पहिला घास घशाखाली गेल्यावर मग विचारलं, "कोन गावचे म्हनायचे तुमी?" आमच्याकडे आधी प्रश्न येतो, मग भाकरी. उत्तर द्यायला मला अर्धा मैल लागला, कारण ठेच्यानं वाचाच बसली होती. गाडीवान आणि ते गृहस्थ, दोघेही पोट धरून हसत होते. डोळ्यांतून पाणी गळतंय, दोन्ही बाजूंना कापूस फुटून शेतं पांढरी झालीत, तुरी पिवळ्या फुलांनी भरल्यात आणि मी चुकीच्या स्टेशनावरून योग्य गावाला निघालोय. प्रवासाला निघाल्यावर इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं.

निघालो का होतो, ते सांगतो. पुण्यात मी मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात कारकून आहे. कुठल्या भागाला काय म्हणतात आणि तो कुठल्या खणात असतो, हे झोपेतून उठवून विचारलंत तरी बिनचूक सांगेन. पण मोटारीत हात घालायची वेळ आयुष्यात कधी आली नव्हती. कापडाच्या दुकानातल्या कारकुनाला कुणी कोट शिवायला सांगत नाही, मला मात्र सगळा गोतावळा मोटारीतला वाकबगार समजतो. मीही कधी नाही म्हणालो नाही. कौतुक कुणाला नको असतं?

मराठवाडा आमच्या राज्यात आला त्याला वर्ष होत आलं होतं. बोरीहून आतोबांचं, म्हणजे आत्याच्या यजमानांचं पत्र आलं. "तुझ्या आत्याचा डोळा आता मोटारीच्या हाती आहे आणि मोटार थरथरायली आहे. तू मोटारीतला माणूस. लगोलग ये."

परभणी

दवाखान्यात आत्या उताणी पडली होती. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या आणि दोन्ही डोळ्यांवर पट्टी. मी खाटेजवळ पोचायच्या आतच ती म्हणाली, "दिगू आला का? अजून पाय घासतच चालायलाय मेला."

गेली पाच-सहा वर्षं तिला माणसं अशी आवाजावरूनच कळत. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत होता. एका डोळ्याची शस्त्रक्रिया मागेच झाली होती आणि तीही चांगली झाली होती. पण घरी नेताना बैलगाडीचं चाक ओढ्यातल्या खड्ड्यात आदळलं आणि पट्टीच्या आत जे काही सांधत आलं होतं ते उसवलं. तो डोळा कायमचा गेला. आता हा एकच उरला होता.

डॉक्टर माणूस तुटक, पण कळकळीचा. "शनिवारी सोडतोय. खाटा कमी, माणसं फार. जखम अजून कच्ची आहे. एखादा बारीक हिसका एक वेळ चालेल, पण तासभर थरथर बसली तर मी जबाबदार नाही. बैलगाडी नको, बसही नको. तुमच्याकडे मोटार आहे म्हणे?"

"आहे," मी म्हणालो.

"चांगली आहे?"

मी म्हणालो, "मी बघतोच आहे ना!" हे वाक्य माझ्या तोंडून इतक्या ऐटीत निघालं की डॉक्टरांचा विश्वास बसला. आत्याचा नाही बसला. तिनं चाचपडत माझं मनगट धरलं. "दिगू, मागल्या येळी बैलान्ला शिव्या घालता आल्या. मोटारीला म्या काय बोलू? तिला तर आई-बापबी न्हाईत." इतर खाटांवरच्या बायका हसल्या, आत्या हसली नाही. माझं मनगट तिनं सोडलं नाही. तो बुधवार होता, हातात दोन दिवस होते.

बोरी

बोरीच्या फाट्यावर बसमधून उतरलो तर आतोबा मला न्यायला मोटार घेऊन आलेले. सहा फूट उंची, फेटा, अंगात काळा कोट. जहागिऱ्या गेल्या तेव्हा एका जहागीरदाराकडून त्यांनी ही मोटार घेतली होती. लांब नाकाची, कापडी टपाची, माझ्याहून वयानं थोडी मोठी. समोरच्या दिव्यांना हळदीकुंकू, आरशाला बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ. आतोबा तिला "बाईसाहेब" म्हणत आणि तिच्यासमोर विडी ओढत नसत.

फाट्यापासून गावापर्यंत बाईसाहेब मऊसूत चालल्या. मला वाटलं, आतोबांना उगाच भास झालाय.

गुरुवारी सकाळी जिंतूरकडे चक्कर मारायची ठरली. शेजारच्या रुखमाबाई कुंभारीण मडकी घेऊन बाजाराला निघाल्या होत्या, त्यांना मागं बसवलं. भिंतीला भिंत लागून घर, तीस वर्षांचा शेजार, आत्याची अगदी जिवाभावाची मैत्रीण. मडकी त्यांनी कडब्यात अशी गुंडाळली होती की आई तान्ह्यालाही तसं गुंडाळणार नाही. रस्त्यावर नवा मुरूम पडलेला, रोलर फिरलेला. ताशी पंधरा मैलांपर्यंत आनंदीआनंद होता. वेगाचा काटा विसाकडे सरकला आणि आधी पायाखालची फळी गुणगुणायला लागली, मग गादी, मग माझे गुडघे. समोरून येणाऱ्या ओळखीच्या माणसाला आतोबांनी "राम राम" घातला तो "रा-रा-रा-रा-म" असा बाहेर पडला. तो माणूस वळून बघत राहिला. मला हसू आवरेना आणि माझं हसणंही तुकड्या-तुकड्यांनी निघत होतं.

"हळू घ्या ना!" मी ओरडलो.

"हळू घेऊन बघितलं. पंधराच्या खाली पयल्या गियरातच चालतात बाईसाहेब, अन् दोन मैलांत पानी उकळतंय त्यांचं. परभनीपर्यंत आठ बारी थांबावं लागंल, उन्हात!"

जिंतूरला कडबा सोडला. सोळांपैकी पाच मडक्यांना गळ्याशी तडे. रुखमाबाईंनी एकेक मडकं बोटानं वाजवून बघितलं. चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं, त्या विचारात पडल्या. "रस्ता लोण्यावानी हाय. एकबी दणका बसला न्हाई. मंग फुटली कशानं? हे दणक्यानं फुटलेलं न्हाई, थरथरीनं फुटलंय." मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. "दिगूबाबा, ह्याच्यात माझ्या मैतरणीला आनायचं म्हनता?"

मी पाच मडक्यांकडं बघितलं आणि माझं हसू पार मावळलं.

बोरी, शुक्रवार

सकाळी धपाटे-दही खाऊन मी बाह्या सरसावल्या. आतोबांच्या कापसाच्या कोठ्यासमोर निम्मं गाव जमलेलं. मी मोटारीभोवती फिरत एकेका भागाचं नाव मोठ्यानं घेत होतो, कारण तेवढंच येत होतं. प्रत्येक नावाला लोक माना डोलवत. कीर्तनकाराला काय वाटत असेल, ते त्या दिवशी मला कळलं.

पण नावं संपली आणि डोकं चालवावं लागलं. दुकानात येणारे मिस्त्री काय बोलतात ते सात वर्षं कानावर पडत होतं, तेच आठवून आठवून करायला घेतलं. पहिल्यांदा मोटार जागेवर उभी ठेवून, बॉनेटवर काठोकाठ भरलेलं फुलपात्र ठेवलं आणि आतोबांना इंजिन जोरात करायला सांगितलं. पाण्यावर बारीक लहरी आल्या, बाकी काही नाही. म्हणजे इंजिनाचा दोष नव्हता. मग फाट्यापर्यंत पिटाळत नेली, थरथर सुरू झाल्याबरोबर गियर काढून गाडी मोकळी सोडली. थरथर तशीच! मी आनंदानं ओरडलो, कारण आता दोष गियरच्या मागं आहे हे नक्की झालं होतं. पण पुढं शेळ्यांचा कळप आहे हे माझ्या लक्षात नव्हतं. आतोबांनी भोंग्याचा रबरी फुगा दाबला, तो त्यांच्या हातातच आला. शेळ्या वाचल्या. आम्ही कुणाच्या तरी अंबाडीत जाऊन थांबलो. अंबाडीवाल्यानं आम्हाला ढकलून बाहेर काढलं आणि वर भाजीला दोन जुड्या दिल्या.

राहिली चाकं आणि दांडा. इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारा एक लांब लोखंडी दांडा मोटारीच्या पोटाखालून गेलेला असतो. त्याच्या दोन्ही टोकांना सांधे असतात, म्हणजे मागची चाकं वरखाली झाली तरी तो फिरत राहतो. मागची बाजू ओंडक्यांवर चढवली, पुढच्या चाकांना दगड लावले, मागची चाकं काढून टाकली आणि मोटार गियरमध्ये चालवली. पुन्हा तीच थरथर. म्हणजे दांडाच.

इथं माझी विद्या संपली. आमच्या दुकानात दांडा खराब म्हटलं की नवा काढून देतात. बोरीत नवा दांडा कुठून आणायचा? मी ओसरीवर बसलो आणि खरं ते आतोबांना सांगून टाकलं. "आतोबा, मी मिस्त्री नाही. मी नुसता कारकून आहे. मला फक्त नावं येतात." इतक्या वर्षांची माझी फुशारकी त्या एका वाक्यात गेली आणि मला रडू यायचंच बाकी राहिलं.

आतोबा माझ्या शेजारी ओसरीवर टेकले. मग म्हणाले, "अरे, आमाला तर नावंबी येत न्हाईत."

तेवढ्यात रुखमाबाई आल्या. डोक्यावर ओल्या मातीचं घमेलं. सरळ मोटारीपाशी उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "फिरवा तिला. म्या बघते."

त्यांनी सांगितलं ते असं. कुंभाराच्या चाकाला बाईनं हात लावायचा नाही, अशी त्यांच्यात रीत. मालक चाकावर बसतात, रुखमाबाई माती मळतात. पण चाक जरा एका अंगाला जड झालं तर मडकं वाकडं निघतं. मालकांची नजर मडक्यावर असते, त्यांना ते दिसत नाही. म्हणून लग्न झाल्यापासून शेजारी बसून चाक बघायचं काम रुखमाबाईंचं. "इथं गोळा लाव" म्हणून त्या बोट दाखवतात, मालक काठाला मातीचा गोळा थापतात आणि चाक सरळ चालतं.

"ह्या चाकाला मला मनाई न्हाई ना?" त्यांनी आतोबांना विचारलं.

"न्हाई न्हाई, बाईसाहेबच हायेत त्या."

मोटार बंद करून रुखमाबाईंनी दांड्यावर मातीचा गोळा थापला. मोटार चालू केली. गोळा सुटला आणि थेट आतोबांच्या फेट्यावर जाऊन बसला. गाव इतकं हसलं की कोठ्यावरची कबुतरं उडाली. दुसरा गोळा शेळीचे केस घालून मळला आणि वरून चिंधीनं बांधला. तो टिकला. त्यांनी जागा बदलून बदलून चार वेळा लावून पाहिला. थरथर कधी तसूभर कमी, कधी जास्त, पण गेली नाही.

"जडपनाचं दुखनं न्हाई हे," त्या म्हणाल्या. "जडपनाचं असतं तर गोळ्यानं मानलं असतं." मग मडकी थापायची लाकडी फळी आणली, तिचं एक टोक मोटारीच्या लोखंडाला टेकवलं आणि दुसरं स्वतःच्या जबड्याला. आतोबांना मोटारीत चढवून म्हणाल्या, "हळूहळू फिरवा. अगदी हळू." पांढऱ्या चिंधीचा गोळा वर येताना दिसत होता, खाली जाताना दिसत होता. रुखमाबाई डोळे मिटून मान हलवत मोजत होत्या आणि मी गोळा वर आला की "हां" म्हणत होतो. माझा एक "हां" व्हायचा तेव्हा त्यांची मान दोनदा हलायची.

"गोळा एकदा वर येतोय, अन् थरथर दोनदा. एका फेऱ्यात दोनदा! जड अंग एकच राहतंय दिगूबाबा, ते एकदाच हाणील. हे दोन हायेत, अन् दोघांचं आपसात जमंना."

दोन. दोन सांधे! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दुकानातल्या जाड यादीपुस्तकात या दांड्याचं चित्र आहे. दांडा दोन तुकड्यांचा असतो, एकाच्या दात्यांत दुसरा सरकवून बसवतात आणि दोन्ही तुकड्यांवर एकेक बाण कोरलेला असतो. बाण समोरासमोर आले तर दोन्ही टोकांचे सांधे जोडीनं चालतात. नाही आले तर जोतातल्या बैलांसारखं होतं, एक पुढं ओढतो तेव्हा दुसरा अडून बसतो. सात वर्षं मी ते बाण बघत होतो आणि मला वाटत होतं, चित्रकारानं हौसेनं काढलेत.

"रॉकेल आणा!" मी इतक्या जोरात ओरडलो की आतोबा दचकले.

दांड्यावर तेल, हळद आणि कुंकू यांचा बोटभर थर होता. रॉकेलच्या फडक्यानं पुसला आणि एक बाण दिसला. दुसरा शोधला तर तो चक्क बाजूला सरकलेला, चार दाते सोडून. मी आतोबांकडं बघितलं. आतोबा फेट्यावरची माती काढण्यात फारच गुंतले होते.

"आतोबा, हा दांडा कुणी सोडवला होता?"

"त्याचं काय झालं..." आतोबा म्हणाले. "खंडेनवमीला नांगर, तिफन, कुळव, समद्याची पूजा व्हती का न्हाई? नांगराचा फाळ काढून धुऊनच पूजतो आपन. मंग बाईसाहेबांची काय वरवरची पूजा करायची? तुझ्या आत्याला आनायचं व्हतं औंदा. म्हनलं, आतलं लोखंडबी पूजावं. सोडवला, धुतला, पाटावर मांडला. दोन्ही तुकड्यांना कुंकू लावलं."

"आणि जोडताना?"

"जोडताना कुंकवासमोर कुंकू आनलं की! बरोबर समोरासमोर. एक केसाचा फरक न्हाई."

बिचारे माझ्याकडं अशा खात्रीनं बघत होते की मला त्यांना कडकडून मिठी मारावीशी वाटली आणि मी ती मारलीसुद्धा, तेलकट हातांनी, काळ्या कोटासकट. बायकोचा डोळा वाचावा म्हणून इतक्या भक्तीनं कुणी मोटार बिघडवली नसेल.

दांडा सोडवला, बाणासमोर बाण आणला, वंगण भरलं, चाकं चढवली. आतोबांनी हळूच विचारलं, "कुंकू लावलं तर चालंल का?" मी म्हणालो, "बाणावरच लावा, म्हणजे पुढच्या खंडेनवमीला चुकायचं नाही."

संध्याकाळी रुखमाबाई मागच्या गादीवर बसल्या, मांडीवर न भाजलेलं कच्चं मडकं. काट्यावर पंधरा मैल, वीस, पंचवीस. फाटा गेला, अंबाडीचं शेत गेलं. घुंगरमाळ तेवढी वाजत होती. आतोबांनी समोरच्या बैलगाडीवाल्याला "राम राम" घातला आणि तो एकसंध, ठणठणीत बाहेर पडला. तेव्हा आम्ही तिघंही मोटारीत वेड्यासारखे ओरडलो. मडकं जसंच्या तसं होतं.

शनिवार, आणि त्यानंतर

आत्याला मागच्या गादीवर निजवलं, डोकं रुखमाबाईंच्या मांडीवर. मी पुढं आतोबांच्या शेजारी. परभणीची वेस ओलांडून काटा विसाकडे निघाला तसे मी दोन्ही पाय फळीवर घट्ट टेकवले. खरं सांगतो, मडक्याच्या वेळी गंमत होती. आता मागं आत्याचा डोळा होता. पायाखालची फळी गप्प राहिली. मागं वळून बघितलं तर आत्याच्या ओठांची घट्ट मूठ झालेली, दोन्ही हातांनी तिनं रुखमाबाईंचा पदर धरलेला. झरी मागं पडली तेव्हा तो हात जरा सैल झाला. बोरीजवळ आलो तेव्हा ती घोरत होती.

पट्टी काढेपर्यंत मी राहिलो. दुकानाला रजा वाढवल्याची तार केली आणि आठ दिवस येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या डाळी-मसाल्यांच्या पिठाची, आमटी ओरपली. आमच्याकडच्या आमटीत गूळ घालतात हे ऐकून आतोबांना माझी इतकी कीव आली की त्यांनी शिदोरीला येसर बांधून द्यायचं कबूल केलं.

आठव्या दिवशी जिंतूरहून कंपाउंडर आला. खोलीची दारं लोटून अंधार केला. त्यानं पट्टीचे वेढे एकेक करून उलगडले आणि पिशवीतला जाड भिंगाचा चष्मा आत्याच्या डोळ्यापुढं धरला. आतोबा भिंतीकडं तोंड करून उभे होते, त्यांना बघवत नव्हतं.

आत्यानं डोळा मिचकावला, पुन्हा उघडला. समोर सगळ्यात जवळ रुखमाबाई बसल्या होत्या. आत्या बराच वेळ त्यांच्याकडं बघत राहिली.

"ही म्हातारी कोन?" तिनं विचारलं.

"म्या गं. रुखमा."

"खोटं. रुखमाचे केस काळेभोर हायेत. दर पंधरवड्याला कलप लावती ती, म्या सोताच लावून दिलाय."

रुखमाबाईंनी पदर सावरून डोक्यावर घेतला, मग पुन्हा मागं सारला. "तुला दिसायचं बंद झालं, तवा म्याबी कलप सोडला," त्या म्हणाल्या. "बघनारी तूच व्हतीस. दुसऱ्या कुनासाठी लावू?"

आत्यानं हात पुढं करून त्या पांढऱ्या केसांवरून फिरवला. मग दोघी हसायला लागल्या आणि हसता हसता रडायला लागल्या, आणि कंपाउंडर हातातला चष्मा सांभाळत जिवाच्या आकांतानं ओरडत होता, "हसू नका! रडू नका! अहो बाई, धक्का बसेल डोळ्याला!" त्याचं कुणीही ऐकलं नाही.